पानाखालचा हात

औंढे, कुरवंडे, भाजे, मळवली या पट्ट्यात जुना कागद टिकणं हीच मुळात नवलाची गोष्ट. लोणावळ्याच्या आसपास वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. जूनमध्ये भिंतींना धरलेली ओल दसऱ्यापर्यंत हटत नाही. कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं. अशा हवेत दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची पोथी एखाद्या घरात शाबूत सापडली, तर त्या घरातल्या चार-पाच पिढ्यांनी काहीतरी नेटकं केलेलं असतं, एवढं नक्की समजावं. कोणी बासनात वेखंडाचा तुकडा ठेवलेला असतो, कोणी कडुनिंबाचा पाला, कोणी चक्क सापाची कात. कोणी काहीच न करता पोथी फक्त माळ्यावर कोरड्या जागी ठेवलेली असते आणि पुष्कळदा तीच सगळ्यात चांगली राहिलेली असते.

मावळाला आणि त्याच्या शेजाराला हस्तलिखितांचा वारसा थोडाथोडका नाही. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी खाली देहूला जाते. तुकारामांची गाथा १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून शासनाच्या खर्चाने निघाली, तेव्हा संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचा आधार घेतला होता. तुकारामांचे टाळकरी आणि लेखक संताजी तेली जगनाडे यांची समाधी सुदुंबऱ्याला, म्हणजे मावळ तालुक्यातच आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास संताजींच्या वह्यांवरून गाथा छापली. या वह्या काही ग्रंथालयात जन्मल्या नाहीत. त्या भजनात वापरल्या गेल्या, पालखीबरोबर हिंडल्या, त्यांना घाम लागला, बुक्का लागला. देहूच्या देवळात तुकारामांची म्हणून जपलेल्या ‘भिजक्या वही’त एके काळी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त अभंग होते, अशी नोंद तुकारामांचे अनुवादक दिलीप चित्रे यांनी केली आहे. श्रद्धेने जपलेल्या वस्तूचीही पानं कमी होत जातात, कारण श्रद्धा म्हटली की हात लावणं आलंच.

आणि मग लोणावळ्याचं कैवल्यधाम. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेली ही संस्था बाहेरच्यांना योगासनांसाठी माहीत असते. पण तिथे पहिल्यापासून एक पाय प्रयोगशाळेत आणि दुसरा पोथ्यांत असा कारभार आहे. तिथल्या वाङ्मयीन संशोधन विभागाने देशभरच्या योगविषयक हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची तयार केली आणि अनेक प्रती ताडून ग्रंथ संपादित केले. हठयोगावरची स्वात्मारामाची हठप्रदीपिका जगभर चार उपदेशांची, म्हणजे अध्यायांची, म्हणून छापली जाते. स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी १९७० साली कैवल्यधामतर्फे काढलेल्या आवृत्तीत पाचवा उपदेश आहे. पुढे त्याच गावातल्या लोणावळा योग इन्स्टिट्यूटने २००१ साली दहा अध्यायांची हठप्रदीपिका टीकेसह प्रसिद्ध केली. ग्रंथाचं नाव एकच, पण अध्याय चार, पाच की दहा, हे कुठल्या परंपरेतली कुठली पत्रं हाती आली यावर ठरतं. म्हणून संपादकाला एखादं पान ‘साधारण वाचता येतंय’ एवढ्यावर भागत नाही. समासातली खूण, हरताळाने झाकलेलं अक्षर, कोपऱ्यातला अर्धा तुटलेला आकडा, सगळंच त्याला लागतं.

हे सगळं छायाचित्रात उतरवायचं काम आज सगळीकडे चालू आहे आणि ते व्हायलाच हवं. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. साठ-सत्तर वर्षं बासनात स्वस्थ पडलेली पोथी छायाचित्रणाच्या एका दुपारी जेवढी उघडली, उलटली, सरकवली जाते, तेवढी एरवी एखाद्या पिढीतही जात नाही. प्रत्येक पान निदान दोनदा हातात येतं. तीनशे पत्रांच्या पोथीत कोपरा तुटायची तेवढी संधी सहाशे वेळा मिळते. म्हणजे जपण्यासाठी केलेलं कामच त्या पोथीच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रसंग ठरू शकतं. कॅमेरा कुठला, किती मेगापिक्सेलचा, यावर लोक तासभर बोलतात. पानाच्या खाली काय ठेवणार, हा प्रश्न विचारला की गप्प होतात. माझ्या मते या कामातला निम्म्याहून जास्त शहाणपणा पानाच्या खाली असतो.

आधी हे बघू की आपल्याकडची हस्तलिखितं बांधणीने एकसारखी नसतात. सुटी पोथी म्हणजे आडव्या पत्रांची चळत. पत्रं शिवलेली नसतात, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती बासन, वरून दोरी. शिवलेली वही किंवा बाड वेगळं. कीर्तनकाराच्या बाडाची शिवण कधी जाड सुताची, कधी नंतर कोणीतरी गोणपाटाच्या सुईने घातलेली. मोडी दप्तर त्याहून वेगळं. कागदाला कागद चिकटवत नेलेले लांबच लांब पट्टे, गुंडाळून किंवा घड्या घालून रुमालात बांधलेले. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर अशाच रुमालांत आहे. ताडपत्र आपल्या भागात कमी. भूर्जपत्र तर पाहुणंच. संस्कृतचे अभ्यासक गेओर्ग ब्यूलर १८७५ साली काश्मीरला गेले तेव्हा त्यांनी आणलेली शारदा लिपीतली ऋग्वेदाची भूर्जपत्रावरची प्रत आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आहे. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची नोंद युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतिपटावर घेतली. भूर्जपत्राचे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. तिथे बोटाने पान उचलायचा विचारसुद्धा करू नये.

सुट्या पोथीपासून सुरुवात करू, कारण ती सोपी वाटते आणि तिथेच घात होतो. पत्र सपाट असतं, मग आधार कशाला, असं वाटतं. पण जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद खळ लावून, घोटून गुळगुळीत केलेला असतो. दोनशे वर्षांनी तो कडा सोडून मधे ठीक असतो आणि कडांना बिस्किटासारखा. दोन बोटांनी कोपऱ्यात धरून उचललं की सगळं वजन त्या कोपऱ्यावर येतं, आणि मोडतो तो कोपराच. पत्रांक बहुतेकदा पत्राच्या मागच्या बाजूला समासातच लिहिलेला असतो, म्हणजे मोडणाऱ्या जागीच. तो गेला की पत्राचा क्रम गेला.

म्हणून पत्र कधीही नुसतं उचलायचं नाही. पत्रापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं मोठा, गुळगुळीत, आम्लरहित पुठ्ठा घ्यायचा. चळतीतल्या सगळ्यात वरच्या पत्राखाली तो हळूच सरकवायचा. पत्र चिकटल्यासारखं वाटलं तर थांबायचं, ओढायचं नाही. पुठ्ठ्यावर आलेलं पत्र पुठ्ठ्यासकट कॅमेऱ्याखाली न्यायचं. एक बाजू झाली की त्यावर तेवढ्याच आकाराचा दुसरा पुठ्ठा ठेवायचा, दोन्ही तळहातांत ही जोडी धरायची आणि एकाच हालचालीत उलटायची. वरचा पुठ्ठा काढला की पत्राची पाठ समोर. या सगळ्यात बोट कागदाला लागलेलंच नसतं. ही युक्ती शिकायला पाच मिनिटं लागतात. सगळ्या महागड्या यंत्रांपेक्षा हिने जास्त पोथ्या वाचतात, असं मी बेधडक म्हणेन.

चळतीचा क्रम मात्र जसा सापडला तसाच ठेवायचा. पत्रं उलटसुलट लागलेली दिसली की हात शिवशिवतात. पण आधी आहे त्या क्रमाने छायाचित्र घ्यावं, जुळवाजुळव मागाहून पडद्यावर करावी. चुकीच्या क्रमातही माहिती असते. कुठल्या दोन पोथ्या केव्हातरी एकत्र बांधल्या गेल्या, कुठलं पत्र दुसऱ्या प्रतीतून उसनं आलं, हे त्यातूनच कळतं.

आता शिवलेली वही. इथे चूक करायची परंपराच आपण गेल्या पन्नास वर्षांत घालून दिली आहे, तीही झेरॉक्सच्या काचेवर. वही पालथी घालायची, वरून झाकण दाबायचं, कणा कडकन वाजला तरी चालेल, पान सपाट आलं पाहिजे. त्या एका आवाजात शिवण जाते, कण्यावरचा डिंक तडकतो आणि पुढच्या वाचनात पानं गळू लागतात. हाच हट्ट कॅमेऱ्याखालीही चालतो, कारण सपाट पानाचा फोटो ‘छान’ दिसतो. खरं तर वहीला सपाट व्हायचं नसतं. आपल्या आज्यांना हे माहीत होतं. पारायणाला ग्रंथ ठेवायची घडीची लाकडी मांडणी आठवा. ती ग्रंथाला दोन्ही बाजूंनी तिरका आधार देते आणि साधारण काटकोनात किंवा थोडा जास्त उघडा ठेवते. जगभरच्या मोठ्या ग्रंथालयांत आज जे साधन वापरतात त्याचं तत्त्व नेमकं हेच आहे.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाच्या ग्रंथालयात मानफ्रेड मायर यांनी हस्तलिखितांच्या छायाचित्रणासाठी एक टेबल तयार केलं. त्यात ग्रंथ पूर्ण उघडतच नाहीत. एक बाजू आडवी, दुसरी बाजू तिरक्या पाठीवर टेकलेली. पानाची कड हलक्या हवेच्या ओढीने जागेवर राहते आणि कॅमेरा त्या एका पानाला काटकोनात येईल असा बसवलेला असतो. एका वेळी एकच पान. पुढे याच कल्पनेवरून घडी घालून प्रवासात नेता येईल असं टेबलही त्यांनी बनवलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९६५ साली सुरू झालेल्या हिल संग्रहालयाने आधी सूक्ष्मपटावर आणि नंतर डिजिटल कॅमेऱ्याने जगभरच्या मठांतली हस्तलिखितं टिपली. ब्रिटिश लायब्ररीच्या ‘धोक्यातले दस्तऐवज’ कार्यक्रमाने २००४ पासून अशी कामं जागच्या जागी, त्या त्या गावात करायला पैसे दिले. सगळ्यांच्या सूचना शेवटी एकाच ठिकाणी येतात. पुस्तकाला कॅमेऱ्यासमोर बसवू नका, कॅमेरा पुस्तकासमोर बसवा.

ग्राझचं टेबल औंढ्याला मिळणार नाही, पण त्यावाचून अडतही नाही. पॅकिंगसाठी मिळतो तो घट्ट पांढरा फोम घ्यावा, त्याच्या दोन पाचरी कापाव्यात आणि धुतलेल्या, खळ काढलेल्या मलमलीत गुंडाळाव्यात. दोन पाचरींच्या मधे कण्यासाठी बोटभर फट ठेवावी. कणा लोंबकळता नको आणि दाबलेलाही नको, म्हणून त्या फटीत मऊ कापडाची गुंडाळी. थर्मोकोल नको, त्याचे कण सुटतात आणि अक्षरांना चिकटतात. किती उघडायचं हे वहीलाच विचारायचं. मधलं पान उघडा, हात काढा आणि बघा. ज्या कोनात पान आपणहून उभं राहू लागतं, शिवण ताणलेली दिसते, त्याच्या थोडं आधी थांबा. बहुतेक जुन्या वह्या नव्वद ते एकशेवीस अंशांत समाधानी असतात. काही बाडं साठ अंशांपलीकडे सरकत नाहीत. त्यांचा हट्ट मानावा, कारण ते बाड आपल्यापेक्षा वयाने मोठं आहे.

एक बारकावा नवशिक्याच्या लक्षात येत नाही. वही पुढे सरकते तशी उजवीकडची जाडी कमी होते आणि डावीकडची वाढते. पहिल्या पानाला बरोबर बसलेला आधार शंभराव्या पानाला खोटा ठरतो. उजवी बाजू खाली लोंबू लागते, कण्याला पीळ बसतो, शिवाय छायाचित्राचं फोकसही सरकतं. म्हणून वीसेक पानांनी थांबून उजव्या पाचरीवर पातळ पुठ्ठ्याचा थर वाढवायचा आणि डावीकडचा काढायचा. आधी सगळी उजवी पानं टिपावीत, मग वही फिरवून सगळी डावी. त्यामुळे कॅमेरा हलवावा लागत नाही आणि वहीला प्रत्येक पानागणिक हेलपाटा पडत नाही. फाइलींची सरमिसळ नंतर संगणक लावून देतो.

कॅमेरा पानाला नेमका समांतर आहे का, हे बघायची एक जुनी युक्ती आहे. पानाच्या जागी, हस्तलिखित बाजूला ठेवून, एक छोटा सपाट आरसा ठेवायचा. कॅमेऱ्यातून बघितल्यावर भिंगाचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधे दिसलं तर कॅमेरा काटकोनात आहे. तिरक्या पाचरीवर तिरका कॅमेरा लावताना हा आरसा फार कामाला येतो. तो काढल्याखेरीज पोथी मात्र टेबलावर आणू नये. कॅमेरा स्टँडला लावताना, काढताना, बॅटरी बदलताना पोथी त्याच्याखाली नसावीच. सैल स्क्रूमधून सुटलेला कॅमेरा किलोभराचा असतो.

उघडलेलं पान परत मिटू पाहतं, त्याला धरायचं कसं? बोटाने धरलं तर बोट छायाचित्रात येतं आणि त्याचा घाम कागदावर राहतो. रबरबँड, क्लिप, चिमटे यांचं तर नावही नको. मलमलीच्या करंगळीएवढ्या नळ्या शिवून त्यात छर्रे भरतात. त्या सापासारख्या वळतात, हलक्या असतात आणि पानाच्या कडेला, अक्षर सोडून, ठेवता येतात. मावळात तांदूळ हाताशी. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये काढलेला इंद्रायणी तर घरोघर. तेव्हा पिशवीत तांदूळच भरावा असं वाटणं साहजिक आहे. तो भरू नये. पोरकिडे पोथीत जायला त्यांना एवढं आमंत्रण पुरतं.

काचेने पान दाबायचं की नाही, यावर संग्रहांमध्ये मतभेद आहेत. साध्या, निरोगी पानावर स्वच्छ काच नुसती टेकवली, दाबली नाही, तर चालून जातं. पण रंगीत चित्रं असलेल्या पोथीत, किंवा शाई पापुद्र्यासारखी सुटत असेल तिथे, काच अजिबात नको. अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पाटी तर आणखी वाईट. तिच्यावर स्थिर वीज जमते आणि सुटू पाहणारा रंगाचा कण तिला जाऊन चिकटतो. पाटी उचलताना देवाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका पाटीबरोबर वर आला, तर तो परत बसत नाही. पान थोडं वळलेलं राहिलं तरी हरकत नाही. वळलेल्या पानाचा स्पष्ट फोटो हा सपाट केलेल्या, तुटलेल्या पानाच्या फोटोपेक्षा केव्हाही बरा.

आपली जुनी शाई बहुधा काजळाची, त्यात डिंक. काजळ उजेडाने उडत नाही, पण डिंक पाण्यात विरघळतो. म्हणून ओलसर कापडाने पान ‘जरा पुसून घेणं’ हा गुन्हाच. चित्रांत वापरलेला तांब्याचा हिरवा रंग, म्हणजे जंगाल, खालचा कागदच खातो. हिरव्या चौकटीच्या रेषेवर पान सरळ कापल्यासारखं तुटलेलं दिसतं ते त्यामुळे. अशा पानाला खालून पूर्ण आधार नसेल तर चौकट एकीकडे आणि मजकूर एकीकडे होतो. चूक झाकायला लेखक पिवळा हरताळ फासत. तो आर्सेनिकचं संयुग आहे, म्हणजे विषच. हरताळ सुटत असेल किंवा बुरशी असेल तिथे नायट्रिलचे हातमोजे आणि तोंडावर मास्क हवा. एरवी हातमोजे नकोत. पांढरे सुती हातमोजे घालून पोथी उलटणारा माणूस फोटोत रुबाबदार दिसतो, पण त्याच्या बोटांना कागदाची कड कळत नाही आणि सुताचे धागे फाटलेल्या कडेत अडकतात. साबणाने धुतलेले, कोरडे हात सगळ्यात चांगले. अंगठी, बांगड्या, घड्याळ, गळ्यातली ओळखपत्राची दोरी, ओढणी, पदर, सगळं आवरून बसावं.

उजेडासाठी दोन एलईडी दिवे, पानाच्या दोन्ही बाजूंनी साधारण पंचेचाळीस अंशांत. जुने हॅलोजन नकोत. त्यांच्या आचेने पान पाच मिनिटांत वळतं, आणि ओल्या हवेतून आलेलं पान तर बघता बघता तक्क्यासारखं फुगतं. छायाचित्र घेण्यापुरता उजेड वाढवावा, बाकी वेळ कमी ठेवावा. फ्लॅशला आपण जेवढं भितो तेवढा तो घातक नाही, सतत पेटत राहिलेले प्रखर दिवे जास्त नुकसान करतात. पण घरगुती कामात फ्लॅशने घोटलेल्या कागदावर चकाकी येते, म्हणून तो टाळलेलाच बरा. ताडपत्रावरची कोरलेली अक्षरं किंवा कागदावर उमटलेला शिक्का बघायचा असेल तर एक दिवा बंद करून दुसरा अगदी खालून, पानाला घासून जाईल असा धरावा. मग उठाव दिसतो. रंगपट्टी आणि सेंटिमीटरची पट्टी पानाशेजारी ठेवायची, पानावर नाही.

मोडीच्या लांब पट्ट्याचं तंत्र निराळं. तो पूर्ण उलगडायचा मोह होतो, कारण सगळं एकदम वाचता येईल असं वाटतं. पण शंभर वर्षं गुंडाळलेल्या कागदाला ती वळणं हाडात भिनलेली असतात. एका हाताने उलगडत, दुसऱ्या हाताने सैल गुंडाळत, मधला हातभर भागच आधारावर सपाट ठेवावा. एका छायाचित्राचा तिसरा हिस्सा पुढच्या छायाचित्रात परत यावा, म्हणजे नंतर जोडताना ओळ हरवत नाही. जोडाच्या जागी कागद दुप्पट आणि कडक असतो, तिथे तो चटकन मोडतो. आणि मागची बाजू कधीही सोडू नये. काही कागदांवर जोडाच्या पाठीवर शिक्का असतो. मधला तुकडा बदलला नाही याची ती खात्री असते. पाठ ‘कोरी आहे’ म्हणून सोडून दिली की तो पुरावाच गेला.

आता हे सगळं एखाद्या घरात करायचं म्हणजे काय, ते बघू. ‘पोथी उंबऱ्याबाहेर जाणार नाही’ हे वाक्य अशा घरांत ठरलेलं असतं आणि ते ऐकून नाक मुरडायचं कारण नाही. त्या एका वाक्यामुळेच पोथी आजपर्यंत राहिली आहे. मग आपणच सामान घेऊन जायचं. आजींना विचारून, चपला बाहेर काढून, पोथी जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा चौरंगावर घ्यायची. आजी पोथीला हळदकुंकू लावू लागल्या तर अडवणं कठीण. अशा वेळी ‘आजी, पोथीला नको, बासनाला लावा, तेवढंच पावतं’ म्हटलं की बहुतेक घरांत ऐकतात. हळदीचा डाग निघत नाही आणि कुंकवाचे कण दोन पानांमध्ये कानशीसारखे घासतात.

काळ निवडावा तो दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात या भागात पोथी उघडूच नये. ओलीने पत्रं एकमेकांना धरतात आणि सोडवताना अक्षरं शेजारच्या पानावर जातात. भर मे महिन्यात उलट कागद कोरडा होऊन कुरकुरतो. डिसेंबर-जानेवारीची दुपार उत्तम. पंखा बंद, खिडकी लावलेली, चहा दुसऱ्या खोलीत. टेबलावर पांढरी स्वच्छ चादर, म्हणजे गळालेला कण दिसतो. असा कण फेकायचा नाही. छोट्या कागदी पाकिटात घालून, बाहेर पेन्सिलीने पत्रांक लिहून ठेवायचा. पेन खोलीतच आणू नये. माणसं दोन हवीत. एक फक्त पोथी हाताळणार, दुसरा फक्त कॅमेरा. पोथीवाल्याने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही आणि कॅमेरावाल्याने पोथीला. एकट्याने दोन्ही करायला गेलं की डोळे पडद्यावर आणि हात पानावर अशी गत होते, आणि पान त्याच वेळी फाटतं. घाई करणाऱ्या भाच्या-पुतण्याला त्या दुपारी कार्ले-भाजे बघायला पाठवावं.

पूर्वी कोणीतरी लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून कडक झालेली दिसेल. ती काढायची नाही. गंजलेली टाचणीही ओढायची नाही. सापडलं तसं टिपायचं. मोबाइलमधली ‘स्कॅन’ करणारी अ‍ॅप्स या कामाला नकोत. ती कागद पांढराशुभ्र करतात, सावल्या पुसतात, कडा कापतात, आणि पुसलेल्या अक्षराचा पुसट मागमूस, समासातली पेन्सिलची खूण, कागदाचा मूळ रंग, सगळं त्या सफाईत जातं. मोबाइलचा साधा कॅमेरा चालेल, स्टँडवर घट्ट बांधून. पण चांगला कॅमेरा मिळत असेल तर छायाचित्रं मूळ ‘रॉ’ स्वरूपात ठेवावीत. प्रती तीन करून त्यांतली एक तरी दुसऱ्या गावात असावी.

सगळ्यात जास्त जपायचं ते पहिलं आणि शेवटचं पत्र. बाहेरच्या फळीला, बासनाला, प्रत्येक हाताला लागतात ती ही दोन, म्हणून आधी झिजतात तीच. आणि शेवटच्या पत्रावरच पुष्पिका असते. कोणी लिहिलं, कोणासाठी, कुठल्या शकात, कुठल्या गावी. जुन्या लेखकांना हा धोका ठाऊक होता. पोथीच्या अखेरीला ते तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून तिला वाचवायची विनवणी करत, मूर्खाच्या हाती देऊ नका असंही बजावत. या दोन पत्रांवर वेळ घालवावा. एकाऐवजी तीन छायाचित्रं घ्यावीत, समोरच्या उजेडात, तिरक्या उजेडात आणि जवळून.

काही पोथ्यांना मात्र नाहीच म्हणावं लागतं. पत्रांची विटेसारखी थप्पी झालेली असेल, बुरशी अजून जिवंत, केसाळ दिसत असेल, रंग बघताना गळत असेल, तर कॅमेरा पिशवीत परत ठेवावा. बाहेरून पोथीचा, बासनाचा, फळ्यांचा फोटो घ्यावा आणि जाणकाराला दाखवावा. २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानात भांडारकर संस्थेकडे हस्तलिखितांच्या संवर्धनाचंही काम होतं. आता केंद्राने ‘ज्ञानभारतम्’ या नावाने २०२५ मध्ये हे काम नव्याने हाती घेतलं आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. मोडी कागदांची त्यांना सवय आहे, आणि ११२ आसनांचं वर्णन करणाऱ्या ‘हठाभ्यासपद्धती’सारखं हस्तलिखितही त्यांच्याकडेच जपलेलं आहे. लोणावळ्याहून पुण्याला लोकल जाते. तेवढा प्रवास एखाद्या फाटक्या पोथीच्या फोटोसकट करायला हरकत नाही.

आणि तुमच्याच घरात असं बासन असेल तर एक विनंती. छायाचित्रं निघाली म्हणून मूळ पोथीची जबाबदारी संपली असं समजू नका, आणि ‘आता मोबाइलवर आहे ना’ म्हणून ती नदीत सोडू नका किंवा रद्दीत घालू नका. कागद जुन्नरचा की दौलताबादचा, शाई एका हातची की दोन हातांची, शिवण मूळची की नंतरची, हे छायाचित्रावरून नीट कळत नाही. त्यासाठी कधीतरी कोणाला तरी ती पोथीच बघावी लागेल. ती कोरड्या सुती कापडात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आडवी ठेवा, तिच्यावर दुसरं काही रचू नका, आणि दर दिवाळीनंतर एकदा उघडून कसर लागली नाही ना, एवढं बघा.